दोनशे गॅलन पाण्याला केवढी गाडी लागते

डोंबिवली,
२ मे १९५१

चि. गुरुदत्त यास ताईचे आशीर्वाद.

कोर्टाचं समन्स आलं म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी दिवाळीपर्यंत मी तुला त्रास दिला नसता. सोमवारी, १४ तारखेला, आमच्या प्रसूतिगृहाचा ड्रायव्हर गोविंदा याच्यावर बेदरकारपणे गाडी हाकल्याचा खटला कल्याणच्या कोर्टात उभा राहतो आहे, आणि संस्थेची चिटणीस म्हणून मला साक्षीला बोलावलं आहे. गोविंदाचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला आहे. तो दोषी ठरला तर तुरुंगात जाईल. सुटून आल्यावर संस्थेच्या दारावर स्टूल टाकून बसायची नोकरीसुद्धा त्याला मिळायची नाही, तसा ठराव लिहून तयार आहे. (लायसन गेलं काय आणि राहिलं काय, एका पायाने तो क्लच दाबणार की ब्रेक, असं आमचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले. दोघे सभासद हसले. त्यांची नावं मी इतिवृत्तात घातली आहेत.) दुसरं कारण असं की कमिटी आता नवी गाडी घेणार आहे, आणि पाण्याच्या ट्रेलरला केवढी गाडी जोडावी याबद्दल तुझं मत मागवावं असं मला सांगण्यात आलं आहे. तू वीस वर्षं खडकीच्या लष्करी कारखान्यात गाड्यांच्या पोटाखाली काढलीस. तुझं मत कमिटीला फुकट मिळेल, हा त्यातला मुख्य मुद्दा.

तुझा दमा कसा आहे? हेमाचे गुडघे दुखतात असं तिने संक्रांतीच्या पत्रात लिहिलं होतं, त्यावर मी एरंडेल सुचवलं होतं, आणि ती ते लावत नसणार हे मला इथून दिसतं. माझी प्रकृती ठीक आहे. झोप येत नाही, पण या वयात झोपेची तक्रार करणं म्हणजे गेलेल्या पाहुण्याची चौकशी करण्यासारखं आहे.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तू अर्ध्यातून वाचायला लागतोस आणि मग उलट प्रश्न पाठवतोस. आमच्या प्रसूतिगृहात अकरा खाटा आहेत आणि आवारात एक विहीर आहे. माघ संपला की तिचं पाणी मचूळ होतं, आणि चैत्रात त्यात साबणाला फेस येत नाही. बाळंतिणीला अंगावर घ्यायला आणि प्यायला असं पाणी द्यायचं म्हणजे तिने आमचं नाव कसं काढायचं ते तूच ठरव. मानपाड्याचे काळुराम म्हणून एक गृहस्थ आहेत, पूर्वी मिठागरावर कामाला होते, आता पाच एकरांचे धनी आहेत. त्यांची सून बायजा आमच्याकडे जुळ्यांची बाळंतीण झाली आणि तिघंही जिवंत घरी गेली, तेव्हापासून ते आम्हाला देवळाच्या जागी मानतात. त्यांच्या विहिरीला बारमाही गोडं पाणी आहे. ते म्हणाले, पाणी न्या, आणि न्यायला माझी बैलगाडीही न्या. कमिटीने पाण्याबद्दल आभार मानले आणि बैलगाडी नाकारली. बैलगाडीतून आलेलं पाणी संस्थेला शोभत नाही, असं आमचे अध्यक्ष प्रभाकरपंत यांचं म्हणणं पडलं. (पाणी शोभेसाठी नसतं, असं मी म्हणाले. ते इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त मीच लिहिते आणि स्वतःची वाक्यं त्यात घालणं मला बरं दिसत नाही.)

प्रभाकरपंतांनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली. लोकांच्या पोत्यांचं वजन करण्यात ज्याचा जन्म गेला त्याला वजनाची काही कल्पना असेल असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. कल्याणच्या छावणीत युद्धातल्या सामानाचे लिलाव अजून चालू असतात. तिथून त्यांनी दोन चाकांचा एक टाकीवाला ट्रेलर घेतला, दोनशे गॅलनचा, हिरव्या रंगाचा, लष्कराचा नंबर अंगावर तसाच. ओढायला गाडी नव्हती. म्हणजे आम्ही आधी नथ घेतली आणि मग नाक शोधायला निघालो. ट्रेलर महिनाभर आवारात तोंड खाली टेकून उभा होता आणि बाळंतिणींना भेटायला येणारे लोक त्याच्यावर लंगोट वाळत घालत.

गाडी पाहायला कल्याणला अण्णा नावाच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तिथे ओढण्याजोग्या तीन गाड्या होत्या. एक तीन टनी लष्करी लॉरी. ती आमच्या फाटकातून आत आली नसती आणि आलीच असती तर बाहेर गेली नसती. दुसरी त्याच लष्करातली मधली ट्रक, जिला तुम्ही लोक फिफ्टीन हंड्रेडवेट म्हणता; बसकी, रुंद, मागची चाकं जाडजूड, दिसायला बुलडॉगसारखी. तिसरी म्हणजे कुणा पारशाची जुनी मोटार मागून कापून तिच्यावर लाकडी हौदा ठोकून केलेली पिकअप. तिला निळा रंग दिला होता. ती सगळ्यांना आवडली. मी अण्णांना विचारलं, ही थांबते कशी? ते म्हणाले, "थांबायला गाडी कशाला घेता बाई, दगड घ्या." सगळे हसले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते प्रभाकरपंतांना म्हणाले, "मास्तरीणबाई का तुमच्या?" आणि दोघे चहाला गेले.

त्यानंतरच्या सभेचं इतिवृत्त माझ्याकडे आहे, आणि एखाद्याचा शत्रू झोपत नसेल तर त्याला वाचायला द्यावं असं ते आहे. तीन टनी लॉरी फाटकामुळे बाद झाली. मधल्या ट्रकबद्दल मी सांगितलं की तिच्या नावातला पंधराचा आकडा ती पाठीवर काय वाहते त्याचा आहे, ओढण्याचा नाही. ती स्वतःच दोन टन भरते आणि म्हणून मागचं ओझं तिला ढकलू शकत नाही. एक गॅलन पाणी दहा पौंड, दोनशे गॅलन म्हणजे दोन हजार पौंड, म्हणजे एकशेबारा पौंडांचा एक या हिशेबाने अठरा हंड्रेडवेट, चौदा हंड्रेडवेट रिकामा ट्रेलर, बेरीज बत्तीस. निळी पिकअप स्वतः वीस. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. प्रभाकरपंत फळ्याकडे बघत म्हणाले, पाणी अठरा आणि ट्रक पंधराची, म्हणजे बाईंच्याच आकड्यांनी ती लहान पडते. टाळ्या पडल्या. निळ्या पिकअपवर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिच्याविरुद्ध मुद्दा निघू शकला नाही. ती एकमताने मंजूर झाली. (माझं मत धरून एकमत. मी हात वर केला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता. मी लिहीत होते.)

गोविंदा हा काळुरामांचा पुतण्या, ठमाबाईंचा एकुलता एक. लढाईत छावणीतल्या लॉऱ्या चालवून शिकलेला. वय अठ्ठावीस. कमी बोलणारा. त्याला ड्रायव्हर म्हणून घेतला आणि पाडव्याच्या आधीच्या रविवारी चाचणी ठरली. आता नीट वाच, कारण इथेच आमच्या लोकांनी असं काही केलं की जे तुझ्या कारखान्यात कुणाला सुचणार नाही. टाकीत पहिलं पाणी पाडव्याच्या मुहूर्तावर प्रभाकरपंतांच्या पत्नी कलशाने घालणार होत्या. त्याच्याआधी टाकीत पाणी पडलं तर ते पहिलं पाणी राहणार नाही. म्हणून चाचणी रिकाम्या टाकीने झाली. आणि चाचणी आहे तर कमिटीने प्रत्यक्ष पाहायला हवी, म्हणून कमिटीचे सात सभासद मागच्या हौद्यात बसले. उपाध्यक्ष एकटेच दोन मणांचे आहेत. अशा रीतीने पिकअपच्या मागच्या चाकांवर अकरा-बारा मणांची कमिटी आणि ट्रेलरमध्ये हवा, अशी ती वरात मानपाड्याला जाऊन आली. ओढ्यावरच्या उतारालाही गाडी जागच्या जागी थांबली. सगळ्यांनी ते पाहिलं, कारण सगळे तिच्यातच होते. मी पुढे गोविंदाशेजारी बसले होते. परत येताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय, ही मानसं उतरली का गारी हलकी व्हनार, न टाकी भरली का मागचा भारी व्हनार. मग कोन कोनाला नेनार?"

मी म्हणाले, मी बघते.

पाडव्याला प्रसूतिगृहाच्या आवारात मांडव होता. एका मोठ्या वकिलांच्या पत्नी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. टाकी आवारात येताच त्यांनी तोटी उघडायची आणि पहिलं तांब्याभर पाणी त्या आठवड्यातल्या सर्वांत लहान बाळाच्या आईला द्यायचं, असं ठरलं होतं. मानपाड्याला विहिरीवर पूजा होऊन साडेआठला गाडी निघाली. कमिटी चाचणीच्या दिवशी हौद्यात होती. आज ती व्यासपीठावर होती. सव्वानऊ वाजले. पाहुण्या पाण्याच्या महतीवर बोलायला उभ्या राहिल्या आणि गाडी येईपर्यंत बोलत राहा अशी त्यांना चिठ्ठी गेली. त्या बाई एक तास बोलल्या. गंगेपासून सुरुवात करून त्या आडापर्यंत आल्या आणि तिथून पुन्हा गंगेकडे वळल्या. मग काळुराम फाटकातून धावत आले. अनवाणी होते, धोतर भिजलेलं होतं. त्यांना पाहून एकाने टाळ्या वाजवल्या, आणि बाकीच्यांनीही, कारण पाणी आलं असं सगळ्यांना वाटलं.

ओढ्याच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. गोविंदाने ब्रेक लावला. गाडी थांबायला लागली, ट्रेलर थांबला नाही. त्याने पिकअपचा मागचा भाग उचलला आणि स्वतः फिरून तिच्या बाजूला आला. दार उघडलं, गोविंदा बाहेर फेकला गेला आणि ट्रेलरचा दांडा त्याच्या मांडीवर पडला. तो उचलायला चौदा माणसं लागली. म्हशीला काही झालं नाही. ठाण्याच्या इस्पितळात त्याला नेलं ते काळुरामांच्या बैलगाडीतून स्टेशनपर्यंत आणि पुढे गार्डाच्या डब्यातून. त्या दिवशी संध्याकाळी बाळंतिणींना मचूळ पाणीच मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून काळुरामांची तीच बैलगाडी चार पिंपं घेऊन सकाळ-संध्याकाळ येते आहे. कुणी तिला अजून अशोभनीय म्हटलेलं नाही.

कमिटीची चौकशी पंचवीस मिनिटांत आटोपली. गाडी चांगली होती, कारण चाचणीत ती चांगली चालली होती. ओझं जास्त नव्हतं, कारण पंचनाम्यात लिहिलं आहे की टाकी जेमतेम निम्मी भरलेली होती. चांगली गाडी आणि निम्मं ओझं, तरी अपघात, म्हणजे वेग. आणि वेग म्हणजे गोविंदा. शिवाय टाकी निम्मीच भरली हा त्याचा आळस, असंही जोडलं आहे. पोलिसांना हेच लिहून दिलं. अध्यक्ष, खजिनदार आणि चिटणीस यांच्या सह्या.

मी इस्पितळात दर गुरुवारी जाते. पहिल्या गुरुवारी गोविंदाने मला विचारलं की पोरांना पानी मिळालं का. मी हो म्हणाले. पस्तीस वर्षांपूर्वी मी पदवी घेतली ती गणितात, आणि बावीस वर्षं शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं केलं. ठमाबाई खाटेच्या खाली जमिनीवर बसून असतात. आधी त्या माझ्याशी बोलत नसत. गेल्या गुरुवारी बोलल्या. म्हणाल्या, "भरला हंडा डोक्याव गप बसतं बाय. अर्धा नाचतं. ह्या आमच्या पोरींना पन म्हाईत हाय. तुमच्यात कोनी पानी भरीत नाय का?"

तर तुझं मत लेखी कळव. ट्रेलर दोनशे गॅलन, टाकीत पाण्याला अडवणारे आडवे पत्रे नाहीत (होते, ते लिलावाच्या आधीच कुणीतरी काढून विकले), रस्ता कच्चा, एक उतार, एक ओढा. गाडी केवढी असावी, तिचं स्वतःचं वजन किती, आणि ओढण्यापेक्षा थांबवण्याचा हिशेब कसा मांडावा, हे प्रभाकरपंतांना समजेल अशा शब्दांत लिही, म्हणजे शक्य तितक्या कमी शब्दांत. हेमाला एरंडेल लावायला सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझी
सुहासिनीताई

ता. क. केवढी गाडी घ्यावी ते लिहू नकोस. मधली. ते मला मार्चमध्येच ठाऊक होतं आणि मी फळ्यावर लिहिलंही होतं. नवी गाडी मे महिन्याच्या सभेत मंजूर होईल आणि ती पुन्हा निळी असेल. तुझं मत मागवण्याचा ठराव मी स्वतः मांडला, कारण तुला पत्र लिहायला मला काहीतरी निमित्त हवं होतं.

ता. क. टाकी निम्मी भरायला मीच सांगितलं होतं. सभेत हरले होते, पण गोविंदा म्हणाला ते डोक्यातून जात नव्हतं. आदल्या दिवशी बसून बेरीज केली: निम्मं पाणी नऊ, ट्रेलर चौदा, तेवीस, गाडीच्या वीसपेक्षा तीनच जास्त. बसण्यासारखं वाटलं. दोन खेपा होतील, पण कमिटीला कळणारही नाही. मला ती अतिशय हुशारी वाटली. टाकीतलं निम्मं पाणी पुढे-मागे धावतं आणि ब्रेक लावल्यावर घणासारखं येऊन बसतं, हे माझ्या बेरजेत नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण मी बावीस वर्षं मुलींकडून पाठ करून घेतली. ती पाण्याबद्दल असेल असं माझ्या कधी मनात आलं नाही. चौकशीच्या सभेत "ओझं निम्मंच होतं" असं प्रभाकरपंत म्हणाले तेव्हा मी लिहीत होते. तेही लिहिलं. मग सही केली.

ता. क. खरं काम हे. काळुराम तुझ्याकडे येत आहेत. त्यांच्याकडून खाली लिहिलेल्या वस्तू घे, कुलपात ठेव आणि १४ तारखेला सकाळी दहाला कल्याणच्या कोर्टात त्या घेऊन हजर राहा. निम्मी टाकी भरल्या टाकीपेक्षा वाईट का, हे मॅजिस्ट्रेटना तू सांग. माझ्या तोंडून ते ऐकलं तर मास्तरीणबाई मोटारीवर बोलतात म्हणून लोक हसतील. तू सांगितलंस की पुढचा प्रश्न येईल, की मग निम्मी भरायला सांगितलं कोणी. त्याचं उत्तर माझं आहे. मी ते दिलं नाही, किंवा दुसरंच काही दिलं, तर तू उभा राहा आणि तिसरी वस्तू पुढे कर. मी तुझी बहीण आहे हे विचारलं तर लपवू नकोस. ती चिठ्ठी माझ्याजवळ राहिली तर बारा दिवसांत मी ती चुलीत घालणार नाही अशी मला खात्री देता येत नाही. गोविंदाने ती पोलिसांना दाखवली नाही, काकालाही नाही. इस्पितळात सदरा कापून काढला तेव्हा ठमाबाईंना खिशात सापडली. त्यांना वाचता येत नाही. गेल्या गुरुवारी निघताना त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोर बोलला, बाईंचा कागद हाय, बाईंनाच दे."

मानपाड्याचे काळुराम यांच्या हाती खडकीस पाठवलेल्या वस्तू, दि. २ मे १९५१:

१. २६ मार्चच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल, पानं चार.
२. माझं सहीचं निवेदन, पान एक.
३. चिठ्ठी एक, दि. ६ एप्रिल, माझ्या अक्षरात, घडीवर डाग. मजकूर: "गोविंदा, उद्या टाकी निम्मीच भरणे. कमिटीपैकी कोणालाही सांगू नये. सु."

दिलं: सुहासिनी.
घेतलं: काळुराम, डावा अंगठा.